समारंभासाठी बांधलेले दालन

महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर 1862 मध्ये पदवीधर झाले, तेव्हा मुंबई विद्यापीठाला स्वतःचे छप्पर नव्हते. स्थापना 1857 ची, पण कारभार टाऊन हॉलमधून, म्हणजे आज एशियाटिक सोसायटी आहे त्या इमारतीतून चाले. त्या काळी विद्यापीठ शिकवत नसे. ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. वर्ग भरत ते कॉलेजांमध्ये. त्यामुळे विद्यापीठाला पहिली निकड भासली ती वर्गखोल्यांची नव्हे, पदवीदानासाठी साजेशा सभागृहाची.

कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी 1863 मध्ये त्यासाठी एक लाख रुपये दिले. आराखडा केला लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी; मुंबईत त्यांनी कधी पाऊलही टाकले नाही. 1869 ते 1874 या काळात फोर्टमध्ये हे दालन उभे राहिले. लांबी 104 फूट, रुंदी 44 फूट. एका टोकाला अर्धवर्तुळाकार गाभारा, तिथे मान्यवर बसत. तीन बाजूंनी लोखंडी आधारांवर पेललेला सज्जा. प्रवेशाच्या बाजूला वर 20 फूट व्यासाची चक्राकार खिडकी आणि तिच्या रंगीत काचांत बारा राशी. कोणी कुठे बसायचे, कोणी कोणाकडे पाहायचे, हे सारे दगडातच ठरवून टाकलेले!

पण समारंभाला कोण येणार, हे दगडाला ठरवता आले नाही. 1883 मध्ये विद्यापीठाने पदव्यांची वाट स्त्रियांना मोकळी केली आणि 1888 मध्ये कॉर्नेलिया सोराबजी पहिल्या महिला पदवीधर झाल्या.

कोलकाता विद्यापीठात तर याहून मोठी उलथापालथ झाली. तिथले सेनेट हाऊस 1873 चे, भव्य खांबांचे. 6 फेब्रुवारी 1932 रोजी तिथे पदवीदान सुरू असताना, पदवी घ्यायला आलेल्या बीना दास यांनी गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सन बचावले, बीना दास यांना नऊ वर्षांची शिक्षा झाली. पुढे 1937 मध्ये त्याच विद्यापीठाच्या पदवीदानात रवींद्रनाथ ठाकूर यांनी दीक्षान्त भाषण बंगालीत केले. तोवर हा मान इंग्रजीचाच होता. साम्राज्याने आपला रुबाब मिरवायला उभारलेल्या व्यवस्थेत पाच वर्षांच्या अंतराने हे दोन प्रसंग घडले, आणि दोन्ही त्या रुबाबाच्या विरोधातले.

एवढा इतिहास पाठीशी असूनही सेनेट हाऊस वाचले नाही. 1960 मध्ये ते पाडले गेले आणि जागेवर शताब्दी इमारत आली. ही हानी भरून येणारी नव्हती.

मुंबईचे दालन सुदैवी ठरले. वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली त्याचे जतन झाले, 2007 मध्ये युनेस्कोने त्या कामाची दखल घेतली आणि 2018 मध्ये हा परिसर जागतिक वारशाच्या यादीतही आला. तिथे आजही पदवीदान होते, व्याख्याने होतात. ती व्हायलाच हवीत; समारंभासाठी बांधलेले दालन कुलूपबंद ठेवणे हा त्याच्यावर अन्यायच. मात्र खिळे ठोकून उभारलेले मंडप, तापणारे दिवे आणि भिंती हादरवणारे ध्वनिक्षेपक यांना दाराबाहेरच थांबवावे. आणि विद्यापीठाने वर्षातले काही दिवस तरी हे दालन साध्या नागरिकांना पाहण्यासाठी खुले ठेवावे.