नळाचे रूपांतर आणि शिळाछापातील दमयंती

शापाने किंवा वराने देह पालटणे हा पुराणकथांचा आवडता विषय आहे. युरोपात त्याचा प्रमुख आधार म्हणजे रोमन कवी ओव्हिडने ग्रीक कथांवरून रचलेले १५ सर्गांचे 'मेटॅमॉर्फोसिस' हे काव्य. अंतोनिओ टेम्पेस्टा या चित्रकाराची त्यावरील १५० मुद्राचित्रे १६०६ मध्ये अँटवर्प येथे प्रसिद्ध झाली. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून ही चित्रे छापली जात. बरोक काळातील कलावंतांना देह पालटण्याचा नेमका क्षण विशेष प्रिय होता. डाफ्नीच्या बोटांना पालवी फुटते, शिकारी अ‍ॅक्टिऑनच्या मस्तकावर हरणाची शिंगे उगवतात, तोच हा क्षण.

वऱ्हाडाशी नाते सांगणारी रूपांतरकथा महाभारताच्या वनपर्वात आहे. दमयंती ही विदर्भराज भीमाची कन्या. त्याची राजधानी कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील वर्धाकाठचे कौंडण्यपूर, असे परंपरा मानते. रुक्मिणीचे माहेर म्हणूनही हे गाव प्रसिद्ध आहे.

द्यूतात राज्य गमावलेला नळ वणव्यात सापडलेल्या कर्कोटक नागाला उचलून बाहेर काढतो. पावले मोजताना दहाव्या पावलाला तो 'दश' म्हणतो. या शब्दाचा दुसरा अर्थ 'दंश कर' असा असल्याने नाग त्याला डसतो. नळ विरूप होतो. मात्र विषाचा दाह त्याच्या शरीरात शिरलेल्या कलीला होतो आणि बदललेल्या रूपामुळे नळ अज्ञातवासात सुरक्षित राहतो. मूळ रूप परत मिळावे म्हणून नाग त्याला दोन वस्त्रेही देतो.

राजा रविवर्मा यांनी १८९९ मध्ये चितारलेल्या 'हंस-दमयंती'त मात्र या कथेचा आरंभ दिसतो. लाल साडीतील दमयंती उभी असून हंस तिला नळाचा निरोप सांगत आहे. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला; पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा वापरून छापलेल्या तेथील चित्रांमुळे राजवाड्यांतील दमयंती सामान्यांच्या भिंतींवर आली.

डाफ्नी पुन्हा स्त्री होत नाही आणि अ‍ॅक्टिऑनला त्याचेच कुत्रे ओळखत नाहीत. दमयंती मात्र सारथी बाहुकाने रांधलेल्या अन्नाच्या चवीवरून आणि मुलांना पाहून त्याच्या डोळ्यांत आलेल्या पाण्यावरून आपला पती ओळखते. वस्त्रे पांघरून नळ पूर्वरूपात येतो तो त्यानंतर. घरोघरी पोहोचलेल्या त्या चित्रात हंस आहे. पण कथेचे मर्म असलेली ही ओळख त्याच्या चौकटीबाहेरच राहिली आहे.