चित्रप्रवाह संकेतन व प्रेषण

चित्रप्रवाह संकेतन व प्रेषण : कॅमेऱ्यातून निघणारे चलच्चित्र व त्यासोबतचा ध्वनी घटनास्थळीच संपीडित करून, म्हणजे त्यातील पुनरुक्त माहिती गाळून, तो इंटरनेटमार्गे दूरच्या संगणक-केंद्राकडे अखंड पाठविण्याची पद्धती. संपीडनाचे काम करणाऱ्या उपकरणास संकेतक किंवा एन्कोडर म्हणतात. हे काम सर्वसाधारण संगणकावरील आज्ञावलीकडूनही करून घेता येते; परंतु तेवढ्या एकाच कामासाठी बनविलेली इलेक्ट्रॉनीय मंडले ज्यात असतात, त्या स्वतंत्र पेटीस यांत्रिक संकेतक (हार्डवेअर एन्कोडर) ही संज्ञा आहे. संकेतकाने पाठविलेला प्रवाह ज्या ठिकाणी स्वीकारला जातो, तपासला जातो आणि तेथून अनेक दिशांना वाटला जातो, ते ठिकाण म्हणजे क्लाउड गेटवे (मेघ-प्रवेशद्वार). प्रसारणाचा इतिहास सामान्यतः प्रक्षेपक व ग्राही यांच्या अंगाने सांगितला जातो. तथापि चित्र प्रसारणाच्या साखळीत कोठून प्रवेश करते व त्या प्रवेशाच्या जागेवर कोणाचा ताबा असतो, या प्रश्नाच्या अंगाने पाहिल्यास या छोट्या पेटीचे महत्त्व अधिक स्पष्ट होते.

पूर्वपीठिका : भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे प्रायोगिक स्वरूपात झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्याच वर्षी पुण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभारण्यात आले. या व्यवस्थेत मुंबईच्या कलागृहात तयार झालेले चित्र सूक्ष्मतरंगांच्या दुव्याने गडावर पोहोचे व तेथून शहरावर प्रक्षेपित होई. प्रवास एकाच दिशेने होता. पुणेकर प्रेक्षक होते. चित्र पाठविणारे नव्हते. याचे कारण केवळ प्रशासकीय नव्हते. ६२५ रेषा व सेकंदाला २५ चौकटी या तत्कालीन मानकानुसार एका चित्रासाठी ५ मेगॅहर्ट्झ पट्टारुंदी लागे. तेवढी रुंदी वाहून नेणारा दुवा उभारणे हे शासनयंत्रणेलाच परवडणारे काम होते.

ग्रामीण भागापर्यंत चित्र पोहोचविण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे उपग्रहीय शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग (साइट) होय. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविण्यात आले. महाराष्ट्राचा या राज्यांत समावेश नव्हता. मात्र महाराष्ट्राच्या पूर्व सीमेपलीकडे, तेव्हाच्या मध्य प्रदेशातील रायपूर, बिलासपूर व दुर्ग या जिल्ह्यांतील खेडी त्यात होती. गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडवा या गावाच्या दृष्टीने पाहिल्यास हा प्रयोग शेजारच्या मुलखात येऊन थांबला. प्रयोगातील खेड्यांत तारांच्या जाळीची सु. ३ मी. व्यासाची बशीच्या आकाराची आकाशके बसविली होती. ती केवळ ग्रहण करू शकत. खेड्याने उलट चित्र पाठविण्याची तरतूद त्या रचनेत नव्हती.

इन्सॅट-१ब हा उपग्रह ३० ऑगस्ट १९८३ रोजी अवकाशात गेल्यानंतर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रे देशभर झपाट्याने उभी राहिली आणि जिल्ह्याच्या गावांत दूरचित्रवाणी पोहोचली. याच पर्वात, १९८४ मध्ये, पुणे येथे ‘बालचित्रवाणी’ ही राज्याची शैक्षणिक चित्रनिर्मिती संस्था स्थापन झाली. ग्रहणाचे क्षेत्र असे विस्तारत गेले. प्रवेशाचे बिंदू मात्र मोजकेच राहिले.

संपीडनाचा विकास : प्रवेशाची किंमत खाली आली ती गणिताच्या मार्गाने. बंगळूर येथे जन्मलेले व अमेरिकेत कॅन्झस स्टेट विद्यापीठात अध्यापन करणारे नासिर अहमद यांनी चित्रातील माहिती कमी आकड्यांत मांडण्याची एक कल्पना १९७२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदानासाठी पाठविली होती. ते अनुदान त्यांना मिळाले नाही. तथापि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांनी काम चालू ठेवले आणि जानेवारी १९७४ मध्ये ‘विविक्त कोज्या रूपांतर’ या नावाने ते प्रसिद्ध केले. चित्राचा लहान चौकोन घेऊन त्यातील प्रकाशाचे चढउतार मंद व जलद अशा तरंगांच्या बेरजेत मांडावयाचे आणि डोळ्याला फारसे न जाणवणारे जलद तरंग स्थूलमानाने नोंदवावयाचे किंवा वगळावयाचे, हे त्याचे मर्म होय.

या रूपांतराला दुसऱ्या एका निरीक्षणाची जोड मिळाली. चलच्चित्राच्या लागोपाठच्या चौकटींत बहुतेक भाग तोच असतो. व्यासपीठावरील वक्त्याचा हात हलतो, मागील भिंत हलत नाही. म्हणून एक चौकट पूर्ण पाठवून पुढील चौकटींत केवळ बदल पाठविले तरी चालते. या दोन्ही तत्त्वांवर आधारलेले एच.२६१ हे मानक १९८८ मध्ये संमत झाले. ते दूरध्वनीच्या अंकीय वाहिन्यांवरून चालणाऱ्या दृक्‌श्राव्य बैठकींसाठी होते. त्यानंतर दूरचित्रवाणीसाठी एमपेग-२ (१९९०–२००० या दशकाचा मध्य), एच.२६४ (२००३) व एच.२६५ (२०१३) ही मानके आली. भारतात डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या थेट घरपोच उपग्रह सेवेचा पाया एमपेग-२ हाच होता.

या संपीडनाचे प्रमाण एका उदाहरणावरून लक्षात येईल. १,९२० × १,०८० चित्रबिंदूंचे, सेकंदाला २५ चौकटींचे चित्र प्रत्येक बिंदूस सरासरी २० बिट देऊन असंपीडित पाठविल्यास सेकंदाला सु. १,०३७ मेगॅबिट होतात. एच.२६४ संकेतक हेच चित्र ५ मेगॅबिटांत समाधानकारक रीतीने देतो, म्हणजे माहिती सु. दोनशेव्या हिश्श्यावर येते. जे चित्र वाहण्यास स्वतंत्र दुवा लागे, ते आता सामान्य दूरध्वनी जोडणीवरून जाऊ शकते.

इंटरनेटवरील प्रेषण : भारतात जनतेसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, मुंबई हे तिच्या पहिल्या केंद्रांपैकी एक होते. परंतु त्या काळच्या जोडण्या चलच्चित्रास अपुऱ्या होत्या. २०१० मध्ये भारतीय प्रीमियर लीगचे क्रिकेट सामने यूट्यूबवरून थेट दाखविण्यात आले, तेव्हा या माध्यमाची व्याप्ती सर्वसामान्यांच्या लक्षात आली. २०१६ मध्ये चौथ्या पिढीच्या भ्रमणध्वनी सेवेचा देशभर प्रसार झाला. क्लाउड सेवांची मोठी संगणक-केंद्रेही याच सुमारास महाराष्ट्रात आली : मायक्रोसॉफ्टची २०१५ मध्ये मुंबई व पुणे येथे, तर ॲमेझॉनचे जून २०१६ मध्ये मुंबई येथे. त्यामुळे राज्यातून निघालेला प्रवाह परदेशी न जाता राज्यातच स्वीकारणे शक्य झाले.

प्रवाह चढविण्यासाठी दीर्घकाळ आरटीएमपी या संकेतप्रणालीचा वापर होत आला. ती फ्लॅश या आज्ञावलीसाठी निर्माण झाली होती. फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झाली, तरी प्रणाली टिकून राहिली. तिच्यात प्रत्येक पॅकेट क्रमाने पोहोचेपर्यंत पुढील पॅकेटे अडून राहतात. परिणामी जोडणी कमकुवत असल्यास चित्र थांबते. हा दोष टाळण्यासाठी कॅनडातील हायव्हिजन या कंपनीने एसआरटी ही प्रणाली विकसित केली व २०१७ मध्ये ती सर्वांना मुक्तपणे उपलब्ध करून दिली. तिच्यात पाठविलेल्या पॅकेटांची प्रत प्रेषक थोडा वेळ जपून ठेवतो. ग्राही हरवलेली तेवढीच पॅकेटे पुन्हा मागवितो आणि ठरलेल्या मुदतीत न आलेले पॅकेट सोडून पुढे जातो.

उभारणी : यांत्रिक संकेतकाच्या उभारणीत चार बाबी महत्त्वाच्या असतात. पहिली, आदान : कॅमेऱ्याची एसडीआय अथवा एचडीएमआय तार संकेतकास जोडून चौकटींचा वेग जुळविला जातो. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने २५ किंवा ५० हा वेग घेणे हितावह असते. अन्यथा काही दिव्यांच्या प्रकाशात चित्र लुकलुकते. दुसरी, संपीडनाची मापे : बिटांचा वेग स्थिर ठेवला जातो व साधारणतः दर दोन सेकंदांनी एक पूर्ण चौकट पाठविली जाते, म्हणजे मध्येच आलेल्या प्रेक्षकास चित्र लवकर दिसू लागते. बिटांचा वेग जोडणीच्या चढत्या क्षमतेपेक्षा बराच कमी ठेवावा लागतो. कारण सेवा देणाऱ्या कंपन्या जाहिरातीत सांगतात तो वेग बहुधा उतरत्या दिशेचा असतो.

तिसरी, पत्ता : गेटवेचा पत्ता व द्वारक्रमांक संकेतकात भरावा लागतो. गावातील जोडणीला बहुधा स्वतःचा कायम सार्वजनिक पत्ता नसतो. म्हणून संकेतकाने ‘हाक देणारा’ व गेटवेने ‘ऐकणारा’ अशी भूमिका घेतली जाते. प्रवाह कूटबद्ध करण्यासाठी दोन्हीकडे एकच परवलीचा शब्द ठेवतात. चौथी, विलंब : कुडव्याहून मुंबईपर्यंतचे रेल्वेमार्गाचे अंतर सु. ९७० किमी. आहे. प्रकाशीय तंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सु. २ लक्ष किमी. असल्याने तेवढ्या अंतराच्या फेरीस सु. १० मिलिसेकंद पुरतात. प्रत्यक्षात वाटेतील वळसे व यंत्रे यांमुळे हा काळ कित्येक पट होतो. फेरीस ४० मिलिसेकंद लागत असतील, तर हरवलेली पॅकेटे पुन्हा मागविण्यास अवसर मिळावा म्हणून विलंब त्याच्या चौपट, म्हणजे १६० मिलिसेकंद ठेवण्याचा प्रघात आहे. तो फार कमी ठेवल्यास चित्र तुटते, फार वाढविल्यास संवाद अडखळतो.

गेटवेमध्ये आलेला प्रवाह उलगडून त्याच्या अनेक प्रती केल्या जातात. गावातून एकदाच ५ मेगॅबिटांचा प्रवाह निघतो. दहा प्रेक्षक असोत वा दहा लक्ष, गावाच्या जोडणीवरील भार बदलत नाही. हाच या रचनेचा खरा लाभ होय.

सार्वजनिक उपयोग व प्रश्न : या तंत्राचा सार्वजनिक जीवनाशी आलेला सर्वांत महत्त्वाचा संबंध न्यायदानाचा आहे. न्यायालयीन कामकाज थेट दाखविण्याचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजीच्या निर्णयात मान्य केले. २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांचे कामकाज शासकीय संकेतस्थळावरून थेट दिसू लागले. पहिल्याच दिवशीच्या कामकाजात महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या प्रकरणाचा समावेश होता. ज्या वादाने राज्याचे शासन बदलले, तो दिल्लीत ऐकला जात असता गोंदिया जिल्ह्यातील नागरिकास तो घरबसल्या पाहता आला. एरवी उच्च न्यायालयातील दाव्यासाठीही त्यास सु. १३० किमी.वरील नागपूर खंडपीठ गाठावे लागते.

याच उदाहरणातून प्रवेशद्वाराच्या मालकीचा प्रश्नही पुढे आला. थेट प्रक्षेपणासाठी खाजगी मंचांवर अवलंबून राहू नये, न्यायालयाचा स्वतःचा मंच असावा, असा विचार प्रारंभीच मांडला गेला होता. २० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या यूट्यूब वाहिनीचा ताबा अज्ञातांनी घेतला व तीवर आभासी चलनाविषयीचे चित्रण दिसू लागले, तेव्हा या विचाराचे महत्त्व पटले. संकेतक कितीही विश्वसनीय असला, तरी त्यापुढील द्वार दुसऱ्याच्या हाती असेल, तर प्रेषकाचा अधिकार तेथेच संपतो.

दुसरा प्रश्न आशयाचा आहे. ‘बालचित्रवाणी’ २०१७ मध्ये बंद करण्यात आली. तीन वर्षांनी महासाथीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा मराठी मुलांसाठी चित्रमय पाठांची गरज एकाएकी निर्माण झाली आणि जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविण्यात आली. प्रेषणाची साधने स्वस्त होत असताना निर्मितीची जुनी संस्था नाहीशी झालेली होती. हे दोन्ही प्रवाह एकमेकांना पूरक ठरण्याऐवजी विरुद्ध दिशांनी गेले.

ग्रामपंचायतींना प्रकाशीय तंतूंनी जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे ‘भारतनेट’ या नावाने ती चालविण्यात आली. तिच्यामुळे ग्रामसभा, शाळा व आरोग्यकेंद्र यांना स्वतःचे चित्र बाहेर पाठविता येण्याची तांत्रिक पूर्वअट साध्य होऊ शकते. त्यासाठी तंतू टाकणे पुरेसे नाही. चढत्या दिशेचा खात्रीचा वेग, अखंड वीज, उपकरण हाताळणारी स्थानिक व्यक्ती आणि मुद्रणे जपणारी संस्था या चारही गोष्टी लागतात. १९७५ मध्ये खेड्याला चित्र पाहता यावे यासाठी प्रयत्न झाले. खेड्याला चित्र पाठविता यावे, हे त्याचे अपुरे राहिलेले अर्धे अंग आहे.