चंद्रपर्वतावरील हिम

विषुववृत्त म्हटले की घनदाट अरण्ये, तळपणारा सूर्य आणि अंगातून निथळणारा घाम आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. त्या रेषेवर बारमाही बर्फ असू शकेल, ही गोष्ट आपल्या कोकणपट्टीतील माणसाला सांगितली तर तो हसेल. परंतु युगांडा आणि काँगो या दोन देशांच्या सीमेवर, विषुववृत्ताला अगदी लागून, रुवेंझोरी नावाची पर्वतरांग हिमाचा मुकुट धारण करून उभी आहे. तिची लांबी सुमारे १२० किलोमीटर आणि रुंदी सुमारे ६५ किलोमीटर आहे. तिचे सर्वोच्च शिखर मार्गेरिता ५१०९ मीटर उंच असून किलिमांजारो व माउंट केनिया यांच्यानंतर आफ्रिकेत त्याचाच क्रमांक लागतो. ते दोन पर्वत ज्वालामुखींनी घडवले. रुवेंझोरी मात्र भूकवचाचा एक प्रचंड खंड वर उचलला गेल्याने निर्माण झाली. या पर्वताचा इतिहास चाळताना एक प्रश्न आम्हांला वारंवार अडवतो : डोंगर कोणी पाहिला, आणि कोणाचे पाहणे जगाने खरे मानले?

या इतिहासाचा पहिला धागा भारताच्या सागरी व्यापाराशी जोडलेला आहे. भारताच्या सफरीवरून परतणारा डायोजिनिस नावाचा एक व्यापारी वाऱ्याने भरकटून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला आणि नाईल नदीचा उगम ज्या सरोवरांतून होतो त्यांची वार्ता त्याने आणली. ती वार्ता दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा भूगोलवेत्ता टॉलेमी याच्या ग्रंथात शिरली. ‘चंद्रपर्वता’वरचे हिम वितळून ही सरोवरे भरतात, असे त्या ग्रंथात नमूद झाले. तो चंद्रपर्वत म्हणजे रुवेंझोरीच, असे अनेक अभ्यासक मानतात. सर्वांचे त्यावर एकमत नाही. पुढची सतराशे वर्षे हा पर्वत नकाशांवर राहिला, पण नकाशे काढणाऱ्यांपैकी कोणीही तो पाहिलेला नव्हता.

आफ्रिकेतील हिमावर विद्वानांचा विश्वास किती कमी होता, हे योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याच्या अनुभवावरून कळते. ११ मे १८४८ रोजी त्याने किलिमांजारोवरचे बर्फ पाहिले. त्याच्या वाटाड्याने त्या शुभ्र पदार्थाला नुसते ‘थंडी’ म्हटले होते. लंडनमध्ये बसलेल्या कूली नामक भूगोलज्ञाने रेबमानला खोटे ठरवले. फॉन डेर डेकेन या जर्मन प्रवाशाने १८६१ व १८६२ साली त्या पर्वताची चढाई आरंभली, तेव्हा कुठे मिशनऱ्याचे म्हणणे खरे ठरले. येथे आपल्या महाराष्ट्राचाही एक दुवा सांगितला पाहिजे. गुलामांच्या गलबतांतून सोडवलेल्या काही आफ्रिकी मुलांना मुंबईला आणून नाशिकजवळील शरणपूर येथे शिक्षण देण्यात आले होते. त्यांपैकी विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आदी तरुण १८६४ साली मोंबासाजवळच्या राबाई येथे याच रेबमानच्या मदतीला गेले. गोदाकाठी वाढलेली ही मुले अशा रीतीने आपल्या मायभूमीत परतली.

रुवेंझोरीची पाळी त्यानंतर आली. हेन्री स्टॅन्ली १८७६ साली या पर्वताच्या आसपास येऊन गेला होता, पण वर्षातील बहुतेक दिवस ढगांत दडलेली ही हिमशिखरे त्याला दिसली नाहीत. पुढे १८८८ च्या एप्रिलमध्ये त्याचे सहकारी पार्क आणि जेफसन यांनी बर्फाच्छादित शिखर पाहिले. २४ मे रोजी खुद्द स्टॅन्लीसमोर ढगांचा पडदा बाजूला झाला. त्याच्या सोबतच्या एका मुलाने बोट दाखवून सांगितले की, तो पाहा मिठाने झाकलेला डोंगर! ज्या प्रदेशात बर्फ कोणी हातात घेतलेले नाही तेथे शुभ्रतेला मिठाशिवाय दुसरी उपमा कुठून मिळणार? शोधाचा मान स्टॅन्लीच्या नावावर जमा झाला. त्या मुलाचा उल्लेख ग्रंथात एका वाक्यापुरता उरला. त्या मोहिमेत मृत्यू पावलेल्या शेकडो हमालांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

शोधकांच्या पाठोपाठ मिशनरी आले. कार्डिनल लाव्हिजेरी यांनी १८६८ साली अल्जिअर्स येथे स्थापिलेल्या ‘व्हाइट फादर्स’ संघाचे फादर ऑगस्त आश्त १८९५ साली पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या तोरो राज्यात पोहोचले आणि आजच्या फोर्ट पोर्टल शहराजवळ वीरिका येथे मिशनकेंद्र उभे राहिले. तेथील कॅथेड्रल ‘हिमाच्या माते’ला समर्पित आहे. पोप लिबेरियुस यांच्या काळात, ऐन ऑगस्टमध्ये, रोमच्या एस्क्विलिन टेकडीवर बर्फ पडले आणि तेथे मारियामातेचे मंदिर उभारले गेले, ही परंपरागत कथा आपल्या परिचयाची आहे. गोव्यातील राय गावचे चर्चही याच नावाने समर्पित असून ५ ऑगस्टला तेथे भाताच्या नव्या कणसांचा सण साजरा होतो. रायच्या भाविकांनी बर्फ पाहिलेले नसते, तरी त्यांची श्रद्धा उणी पडत नाही. वीरिकाच्या भाविकांना मात्र स्वच्छ सकाळी खरेखुरे हिम दिसू शकते.

शिखरे सर करण्याचे श्रेय इटलीच्या राजघराण्यातील लुईजी आमेदेओ, ड्यूक ऑफ अब्रुझी, यांच्याकडे जाते. १९०६ च्या आरंभी इतर काही तुकड्यांनीही चढाईचे प्रयत्न केले होते. ड्यूकची मोहीम मुबुकू नदीच्या खोऱ्यातून वर सरकली आणि बुजोंगोलो येथील एका अजस्र खडकाच्या आडोशाला तिने तळ दिला. १८ जून १९०६ रोजी ड्यूक व त्याचे आल्प्समधील वाटाडे जोसेफ पेतिगा, सेझार ओलिए आणि जोसेफ ब्रोशरेल यांनी दोन सर्वोच्च शिखरांवर पाऊल ठेवले. एकाला इटलीच्या राणीचे मार्गेरिता आणि दुसऱ्याला इंग्लंडच्या राणीचे अलेक्झांड्रा असे नाव देण्यात आले. वित्तोरिओ सेल्ला याने त्या वेळी काढलेली छायाचित्रे आजही अभ्यासकांना मोलाची वाटतात. त्याचे एक कारण पुढे येईल.

वरच्या कडाक्याच्या थंडीत सामान वाहिले ते बाकोंझो लोकांनी. हे या डोंगरउतारांचे रहिवासी. हिमाला ते ‘एन्झुरुरु’ म्हणतात, आणि हिमात कितासांबा या देवतेचा वास आहे असे त्यांच्या पूर्वजांनी मानले. त्यांचा डोंगर राण्यांच्या आणि प्रवाशांच्या नावांनी भरून गेला, पण स्वतःच्या भूमीत त्यांना बरोबरीचा मान नव्हता. तोरो राज्याच्या वर्चस्वाला कंटाळून त्यांनी शाळामास्तर इसाया मुकिराने यांच्या नेतृत्वाखाली १९६२ साली रुवेंझुरुरु या स्वतंत्र राज्याची घोषणा केली. त्यानंतर वीस वर्षे संघर्ष चालला. १९८२ साली शस्त्रे खाली ठेवण्यात आली आणि २००९ साली युगांडा सरकारने त्यांच्या पारंपरिक राजाला मान्यता दिली. त्या राज्याच्या नावातही हिमच आहे, हे वाचकांच्या ध्यानी आले असेल.

आज या पर्वतावर जाऊ इच्छिणारा गिर्यारोहक न्याकालेंगिजा गावाहून निघतो. पूर्ण फेरीस सुमारे सात दिवस लागतात. पहिल्या दिवशी दाट अरण्य, मग बांबूची बेटे, त्यानंतर शेवाळाने लडबडलेली हेदरची झाडे. त्याच्याही वर पुरुषभर उंचीच्या लोबेलिया आणि झाडाएवढी वाढलेली सेनेसिओची रोपे. बिगोच्या दलदलीत पाय गुडघाभर रुततो. चार हजार मीटरच्या जवळ बुजुकू सरोवर लागते. पुढे साडेचार हजार मीटरवर एलेना नावाची झोपडी येते आणि तेथून दोर व बुटांना लावायचे लोखंडी काटे घेऊन हिमनदी चढावी लागते. पाऊस बहुधा रोजचाच. वाटेवरच्या एका मुक्कामाला जॉन माटे या बाकोंझो माणसाचे नाव दिलेले आहे. राण्यांच्या शिखरांखाली एका बाकोंझो माणसाचे नाव कोरले गेले, याचे आम्हांला विशेष समाधान वाटते. हा भाग १९९१ साली राष्ट्रीय उद्यान झाला आणि १९९४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. १९९७ ते २००१ या काळात बंडखोरांच्या उपद्रवामुळे वाटा बंद होत्या.

आता त्या छायाचित्रांकडे वळू. सेल्लाच्या चित्रांतील हिमनद्या आणि आजच्या हिमनद्या शेजारी ठेवल्या तर मन विषण्ण होते. १९०६ साली रुवेंझोरीवर सुमारे साडेसहा चौरस किलोमीटर हिम होते. १९८७ मध्ये ते दोन चौरस किलोमीटरच्या आसपास आले आणि २००३ मध्ये एक चौरस किलोमीटरहूनही कमी उरले. त्यानंतरही घट चालूच आहे. नद्यांना पाणी मुख्यतः पावसाचे येते, त्यामुळे हिम गेल्याने त्या लगेच आटतील असे नाही. परंतु ज्यांच्या भाषेत, राज्यात आणि उपासनेत हिम होते, त्यांच्या नातवंडांना ते केवळ शब्दात भेटेल. हवा तापवण्यात ज्यांचा हात सर्वांत कमी, त्यांच्याच अंगणातील ठेवा प्रथम नाहीसा होत आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली आपल्या परिपत्रकात पृथ्वीला सर्वांचे सामायिक घर म्हटले. या घराच्या एका खोलीत कोणी चूल पेटवली तर धूर दुसऱ्या खोलीत जातो, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्या लोकांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या घरातील दिवा, पंखा आणि वाहन यांचा हिशेब त्या दूरच्या शिखरापर्यंत पोहोचतो. डोंगर दाखवणारा मुलगा, थंडीचे नाव घेणारा वाटाड्या, पाठीवर ओझे वाहणारे बाकोंझो या सर्वांचे बोलणे जगाने उशिरा ऐकले. हिम सरत असल्याचे तेच लोक आज सांगत आहेत. या वेळी तरी त्यांचे म्हणणे वेळेवर ऐकले जावे, अशी हिमाच्या मातेच्या चरणी आमची प्रार्थना आहे.