टीडीएस मीटरमध्ये नदीचं पाणी 'पास' झालं, तरी ते घाण कसं?

मागच्या जुलैमध्ये मी ऑनलाइन एक टीडीएस मीटर मागवला, तो पेनासारखा दिसणारा. घरचं प्युरिफायर नीट चालतंय का बघायचं होतं. ते काम पाच मिनिटांत झालं आणि मग हात शिवशिवायला लागले. मी गोरेगावात राहतो, ओशिवरा नदी जवळच आहे. पुलावरून दोरी बांधून बाटली सोडली, पाणी काढलं, मीटर बुडवला. आकडा तीनशेच्या घरात! पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५००, ५०० पर्यंत टीडीएस स्वीकारार्ह मानतं. मी फोटो काढून बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, 'ओशिवरा वाटते तेवढी वाईट नाही.'

दोन दिवसांनी आमच्या बिल्डिंगची पोरं बॉल काढायला त्याच पाण्यात गुडघाभर उतरलेली दिसली. मी ओरडलो तर एक जण म्हणाला, "दादा, तूच तर टाकलं होतंस ना, पाणी ठीक आहे म्हणून?" भर पावसाळ्यात, जेव्हा मुंबईत लेप्टोचे पेशंट वाढतात. लेप्टोचे जंतू उंदीर आणि जनावरांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि पायावरच्या साध्या खरचटण्यातूनही शरीरात शिरतात. सुदैवाने कुणाला काही झालं नाही. पण माझं नेमकं काय चुकलं ते शोधायला मी बसलो.

मीटर खोटं बोलला नव्हता. त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ, मुख्यतः क्षार. पण हा पेन ते थेट मोजतच नाही. त्याच्या दोन टोकांमधून पाण्यातून वीज किती सहज जाते ते तो बघतो आणि त्या आकड्याला साधारण ०.५ ते ०.७ ने गुणून स्क्रीनवर दाखवतो. जंतूंचा त्याला पत्ताच नसतो. मैला, तेल, साबणाचा फेस यांतलं जेवढं आयनांच्या रूपात विरघळलंय तेवढंच त्याला कळतं. त्यात मुंबईच्या नळाला तलावांचं पाणी येतं, ज्यात क्षार मुळातच कमी. त्यामुळे तेच पाणी घराघरांतून सांडपाणी होऊन बाहेर पडलं तरी टीडीएस ५०० च्या आत राहू शकतो. म्हणजे गटाराचं पाणीही 'पास'!

उलटही होतं. ओशिवरा आरेच्या डोंगरात उगम पावते, गोरेगाव-जोगेश्वरीच्या मधून वाहते आणि मालाडच्या खाडीला मिळते. भरतीच्या वेळी खाडीजवळ मीटर बुडवलात तर आकडा हजारोंत जाईल. ते प्रदूषण नाही, समुद्राचं मीठ आहे.

मग नदी तपासतात कशी?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांसाठी जल गुणवत्ता निर्देशांक काढतं. त्यात चार गोष्टी धरतात: विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) ३१ टक्के वजनाने, विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू २८, पीएच २२ आणि बीओडी १९ टक्के. निर्देशांक ६३ च्या वर गेला तर पाणी चांगलं, ३८ च्या खाली गेलं तर फारच वाईट. लक्षात आलं का? यादीत टीडीएस नाहीच.

पीएच तुम्ही शाळेत शिकलात. डीओ आणि बीओडी मात्र समजून घेण्यासारखे आहेत, आणि त्यासाठी फोनच्या बॅटरीचं उदाहरण मस्त बसतं. डीओ म्हणजे आत्ता बॅटरी किती टक्के आहे. ३० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो, ती झाली फुल बॅटरी. मासे नीट जगायला किमान ४ लागतो. बीओडी म्हणजे बॅकग्राउंडला चालणारी अ‍ॅप्स बॅटरी किती खातात ते. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू ऑक्सिजन वापरतात. म्हणून नमुना बाटलीत हवाबंद करून अंधारात २७ अंशांवर तीन दिवस ठेवायचा आणि आधीच्या-नंतरच्या डीओतला फरक बघायचा. परदेशात हीच चाचणी बहुतेक ठिकाणी २० अंशांवर पाच दिवस करतात, आपल्या हवामानासाठी आपण ती बदलून घेतली आहे. सांडपाण्यात ऑक्सिजन तीन दिवसांच्या कितीतरी आधीच संपतो, मग नमुना स्वच्छ पाण्यात पातळ करून मोजावा लागतो.

आंघोळीलायक नदीसाठी निकष असे: बीओडी ३ किंवा कमी, डीओ ५ किंवा जास्त, पीएच ६.५ ते ८.५ आणि विष्ठेतले कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त २,५००. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यातले ५३ महाराष्ट्रातले. आपली मिठी त्यात सगळ्यात वाईट गटात होती, म्हणजे बीओडी ३० च्या वर.

ओशिवऱ्याचं दुखणं साधं आहे. वर आरेतल्या तबेल्यांचं शेण, खाली वस्त्यांचं आणि गाळ्यांचं सांडपाणी. आमच्याकडे अनेक जण तिला नालाच म्हणतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुठे बऱ्याच मुंबईकरांना कळलं की आपल्या उपनगरांत मिठी, ओशिवरा, पोयसर, दहिसर अशा चार नद्या आहेत.

फोनने काय करता येईल?

'फोटो काढा, पाण्याची शुद्धता कळेल' असा दावा करणाऱ्या अ‍ॅपवर विश्वास ठेवू नका. कॅमेऱ्याला रंग आणि गढूळपणा दिसतो, जिवाणू नाही. रंग बदलणाऱ्या टेस्ट स्ट्रिप्सचा फोटो काढून अंदाज घेता येतो, पण कॅमेरा स्वतःच व्हाइट बॅलन्स बदलत असतो. म्हणून पट्टी आणि तिचं रंगपत्रक एकाच फ्रेममध्ये, सावलीत, फ्लॅशशिवाय घ्या. डीओसाठी मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांचं किट मिळतं. बाटली काठोकाठ भरा, एक बुडबुडाही राहता कामा नये, नाहीतर हवेतलाच ऑक्सिजन मोजाल. अनेक किट्समध्ये पहिल्या दोन रसायनांनंतर तपकिरी गाळ आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ शून्य. हातमोजे घाला, पाण्यात उतरू नका, आणि वेळ लिहून ठेवा: शेवाळामुळे दुपारी डीओ वाढतो, पहाटे सगळ्यात कमी असतो. कोलिफॉर्मची चाचणी मात्र लॅबमध्येच करून घ्या.

फोनचा खरा उपयोग वेगळा आहे. पाइपमधून अचानक रंगीत किंवा फेसाळ पाणी सुटलेलं दिसलं, तर लोकेशन आणि वेळ ऑन ठेवून व्हिडिओ घ्या आणि महापालिकेच्या १९१६ वर तक्रार करून तक्रार क्रमांक जपून ठेवा. असं पाणी तासाभरात वाहून जातं, नंतर येणाऱ्याला तिथे काहीच सापडत नाही.

ग्रुपवरचा तो फोटो मी डिलीट केला नाही. त्यालाच रिप्लाय करून लिहिलं, 'हा आकडा फक्त क्षारांचा आहे. पाण्यात उतरू नका, बॉल गेला तर गेला.' खाली पहिला रिप्लाय त्याच पोराचा आला, "दादा, मग बॉलचे पैसे तू दे."