करंजीच्या पोटातला इतिहास

सणाच्या ताटावर इतिहास सांगू नये हे खरे. आधी खावे, मग बोलावे! पण वर्गात वर्षानुवर्षे सनावळ्या घोकून घेता घेता मला एक खोड जडली आहे. सन उच्चारला, की त्या साली लोक काय खात असतील हा प्रश्न मनात येतो. सातपाटीत तर हा प्रश्न हटकून करंजीपाशी येऊन थांबतो.

दर्याकाठच्या या कोळ्यांच्या गावात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला, की घरात ओल्या नारळाची करंजी होते. दिवाळीत मात्र सुके खोबरे. यात चवीपेक्षा टिकण्याचा हिशेब अधिक. ओल्या नारळात पाणी असते, दोन-तीन दिवसांत तो आंबतो. सुके खोबरे किसून भाजले, त्यात पिठीसाखर, खसखस, वेलची मिसळली, की सारण पंधरवडाभर सहज राहते.

आता या सारणात मिसळला जाणारा काजू घ्या. तो मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला आणि नावही त्यांचेच राहिले. साखरेची गंमत याच्या उलट. आपली ‘शर्करा’ अरबांकडे जाऊन ‘सुक्कर’ झाली आणि पोर्तुगालात ‘असुकार’ झाली. म्हणजे एकाच करंजीत आलेला पाहुणा आणि परदेशी गेलेली लेक शेजारी शेजारी बसतात!

1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढे हा सारा उत्तर किनारा त्यांच्या अमलाखाली गेला. सातपाटीजवळचा शिरगावचा किल्ला त्या काळाची आठवण देत उभा आहे. 1739 च्या जानेवारीत मराठ्यांनी तारापूर घेतले, मे महिन्यात चिमाजी अप्पांपुढे वसई पडली. सत्ता गेली, ख्रिस्ती झालेली माणसे इथेच राहिली. त्यांच्या घरी नाताळात आजही करंजी तळली जाते. गोव्यात तिला नेवरी म्हणतात. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांचा, करंजी आपली!

त्याच गोव्यात 1736 साली इन्क्विझिशनने हुकूमनामा काढून नवख्रिस्त्यांना हिंदू चालीरीतींची बंदी केली होती. अंगणातली तुळसच काय, बिनमिठाचा भात शिजवण्यावरही त्यांचा डोळा! तरी नेवरी टिकली. धर्म बदलला, राज्य बदलले, पण आईने लेकीला शिकवलेली मुरड बदलली नाही.

मग आज धास्ती कशाची? करंजी एकटीचे काम नव्हे. एकीने लाटावे, दुसरीने सारण भरावे, तिसरीने कातणे फिरवावे, चौथीने तळणीपाशी बसावे. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. आता दुकानात तयार पुडे मिळतात. करंजी मिळते, त्या चौघीजणी मिळत नाहीत. हुकूमनाम्याला जे साधले नाही, ते सोय गुपचूप साधून जाईल, अशी मला भीती वाटते.

पण याचा दोष बायकांवर टाकणे अन्यायाचे होईल. पहाटेपासून मासळीची पाटी वाहणाऱ्या बाईने रात्री पुन्हा तळणीपाशी का बसावे? तेव्हा, वाचकहो, उपाय सोपा आहे. खोबरे किसायला पुरुषाचे हात अगदी उत्तम चालतात. यंदा किसणी आपण घ्यावी.