संगणकाला पूर्ण अनुदान, मोजणीला निम्मे

परप्रांती नोकरी करणाऱ्या मराठी माणसाची गावाशी असलेली कागदोपत्री नाळ म्हणजे सातबारा. वडील जातात, वारसनोंद राहून जाते. आणि पुढे शेत विकायचे वा त्यावर कर्ज काढायचे झाले, की आपल्याच जमिनीला आपण परके ठरल्याचे कळते. या दुखण्याचे एक मूळ तलाठ्याच्या दप्तरात आहे, तर दुसरे दिल्लीच्या अनुदानपद्धतीत.

१९८७-८८ मध्ये केंद्राने महसूल प्रशासनाचे बळकटीकरण आणि भूमी अभिलेखांचे अद्ययावतीकरण यांसाठी योजना आणली. तिचा निम्मा खर्च राज्यांनी उचलायचा होता. पाठोपाठ १९८८-८९ मध्ये अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना आली. तिला मात्र शंभर टक्के केंद्रीय अनुदान होते. प्रारंभीच्या आठ जिल्ह्यांत रंगारेड्डी, मयूरभंज, डूंगरपूर यांच्याबरोबर आपले वर्धाही होते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे थबकेल. परस्परपूरक अशा दोन कामांपैकी एक फुकट आणि दुसरे निम्म्या किमतीला मिळत असेल, तर तिजोरीची ओढाताण असलेले राज्य फुकटचे आधी उचलणार. जुन्या नोंदी जशाच्या तशा यंत्रात भरण्यास पैसा होता. त्या जमिनीवरच्या वस्तुस्थितीशी जुळतात का, हे पाहण्यास हात आखडता होता.

कर्नाटकच्या ‘भूमी’ प्रकल्पाने याच चौकटीत वेगळी वाट काढली. सुमारे ६७ लाख खातेदारांच्या २ कोटी नोंदी संगणकावर आल्यावर हस्तलिखित उतारा अवैध ठरवण्यात आला. फेरफाराचे अर्ज आलेल्या क्रमानेच हाताळण्याची शिस्त लागली. प्रत्येक उताऱ्यामागे १५ रुपये शुल्क ठेवले गेले. अनुदानातून यंत्र विकत घेता येते. ते रोज चालते ठेवण्यास अशी नियमित आवक लागते.

२००८ मध्ये दोन्ही योजना राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमात विलीन झाल्या. दस्तनोंदणी आणि महसुली दप्तर एकमेकांस जोडण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले गेले. तरीही फेरमोजणीचा निम्मा भार राज्यांकडेच राहिला. १ एप्रिल २०१६ पासून संपूर्ण कार्यक्रम केंद्राच्या निधीवर आला. संगणकाला पहिल्याच वर्षी जे मिळाले, ते मोजणीला मिळण्यास सुमारे सत्तावीस वर्षे लागली.

दोन कार्यालये तारेने जोडता येतात. त्यांच्या नोंदी जुळवायच्या तर माणूस बांधावर पाठवावा लागतो. त्याच्या प्रवासभत्त्याची तरतूद किती, हे मी अशा प्रत्येक प्रस्तावात आधी पाहतो.