ठिपक्यांचा हिशेब

संगणकावर चित्र काढणाऱ्यास पहिली रेघ ओढण्यापूर्वीच चित्राची रुंदी किती, उंची किती आणि इंचाला पिक्सेल किती, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. त्यांपैकी तिसऱ्या रकान्यात '३००' हा आकडा बहुतेक जण शिरस्त्याप्रमाणे भरून मोकळे होतात. हा आकडा संगणकाच्या घरचा नव्हे. त्याची वंशावळ छापखान्यातील ब्लॉकमेकरच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन पोहोचते, आणि ती ठाऊक असल्याखेरीज त्याचा अंमल कोणत्या हद्दीपर्यंत चालतो हे उमगत नाही.

शिळाछापाच्या काळी हा हिशेब निराळा होता. राजा रविवर्मा ह्यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस हलविलेल्या छापखान्यात, कागदावर जेवढे चित्र उमटवायचे तेवढेच, आणि तेही उलटे, कारागीर दगडावर उतरवीत असे. एकेका रंगासाठी स्वतंत्र दगड लागे, आणि मुखावरील कांती किंवा वस्त्राची छाया हाताने दिलेल्या ठिपक्यांच्या दाटीविरळीतून साधली जाई. सूक्ष्मतेची मर्यादा तेथे कारागिराची नजर ठरवी.

छायाचित्र छापण्याची निकड उत्पन्न झाली तेव्हा हा अधिकार यंत्राकडे गेला. काळी शाई एक तर उमटते किंवा उमटत नाही, करडा रंग तिला ठाऊक नाही. म्हणून चित्राचेच लहानमोठे ठिपके पाडण्याची युक्ती निघाली. म्यूनिकच्या गेओर्ग मायझेनबाखने १८८२ साली तिचे पेटंट घेतले, अमेरिकेत फ्रेडरिक आइव्हजने तिचा पाठपुरावा केला, आणि फिलाडेल्फियाच्या लेव्ही बंधूंनी आडव्याउभ्या रेषा कोरलेल्या काचेचा 'स्क्रीन' बाजारात आणून हाफटोन ब्लॉक सर्वत्र रूढ केला. कलकत्त्यास उपेंद्रकिशोर रायचौधुरी ह्यांनी ह्या स्क्रीनच्या अंतराचे व भिंगाच्या छिद्राचे गणित मांडून विलायतेच्या 'पेनरोझ' वार्षिकात लेख लिहिले. आणि आपल्याकडे दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ब्लॉक व छपाई ह्याच व्यवसायात होते.

स्क्रीन किती बारीक घ्यावा, ह्याचा निवाडा मात्र चित्रकार करीत नसे. तो कागद करी. वृत्तपत्राच्या खरबरीत कागदावर शाई पसरते आणि बारीक ठिपके एकमेकांत मिसळून चित्राचा चिखल होतो, म्हणून तेथे इंचाला ६५ ते ८५ रेषा; गुळगुळीत आर्टपेपर १३३ किंवा १५० रेषाही सुखाने पेलतो. नियतकालिकांच्या विशेषांकांत रंगीत चित्र निराळ्या आर्टपेपरवर छापून आत घालण्याची जी चाल होती, तिच्यामागे शोभेइतकेच हे कारणही होते.

संगणकाचा प्रवेश ह्या दरबारात अगदी दरिद्री अवस्थेत झाला. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श ह्यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र यंत्रात उतरविले ते १७६ गुणिले १७६, म्हणजे ३०,९७६ पिक्सेलांचे. १९८४च्या मॅकिंटॉशचा पडदा ५१२ गुणिले ३४२ पिक्सेलांचा होता. त्यावरील 'मॅकपेंट' ह्या बिल ॲटकिन्सनकृत चित्रलेखनाच्या साधनात कागदाचे माप निवडण्याची मुभाच नव्हती, कारण ५७६ गुणिले ७२० पिक्सेलांचे, म्हणजे इंचाला ७२ ह्या हिशेबाने ८ गुणिले १० इंचांचे पान ठरूनच आलेले होते. हा ७२चा आकडाही मुद्रकांचाच. टाइपाचे माप मोजताना ते इंचाचे सुमारे तितकेच पॉइंट धरीत.

पुढे स्कॅनर व छापखाना ह्यांची गाठ पडली, तेव्हा स्क्रीनच्या प्रत्येक रेषेमागे दोन पिक्सेल असावेत असा व्यावहारिक नियम रुजला, आणि आर्टपेपरच्या १५० रेषांची दुप्पट होऊन ३०० हा आकडा जन्मास आला. ए-४ कागदास तो लावला असता २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लक्ष पिक्सेल लागतात. परंतु वृत्तपत्राच्या ८५ रेषांस १७० पुरतात. रस्त्यापलीकडून पाहावयाच्या भव्य फलकास इंचाला तीसचाळीसही भागतात. आणि जे चित्र केवळ पडद्यावरच राहावयाचे, त्याच्या बाबतीत इंचाची भाषाच निरर्थक ठरते, तेथे रुंदी-उंचीचे पिक्सेल मोजले की काम झाले.

ब्लॉकच्या जमान्यातील मासिकांचे चित्रकार मूळ चित्र छापील मापाच्या दीडपट किंवा दुप्पट काढीत, कारण लहान करताना हाताची थरथर झाकली जाते. मात्र फार बारीक रेषा त्या आकुंचनात नाहीशी होते, म्हणून रेषेची जाडीही ते त्या बेतानेच ठेवीत. आजच्या चित्रकारास ह्याहून निराळा उपदेश करण्याचे कारण नाही. मोठे चित्र लहान करता येते; लहान चित्र मोठे करू गेल्यास यंत्र मधल्या जागा अंदाजाने भरते, आणि चित्रकाराने जे काढलेच नाही ते त्या भरण्यातून उत्पन्न होत नाही. तेव्हा चित्र शेवटी कोठे, केवढे आणि किती अंतरावरून पाहिले जाणार हे आधी ठरवावे आणि मगच आकडे भरावेत. ब्लॉकमेकरही कागद हाती घेऊन पाहिल्याशिवाय स्क्रीनला हात लावीत नसे.